१९ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि २ टीबीची लक्स डिस्क: कामाच्या नोंदी

४ मार्च २०२५

वस्तू: २ टीबीची ३.५ इंची साटा हार्ड डिस्क, एका वास्तुविशारद कार्यालयाची. १२ व्होल्टवर चालणाऱ्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये होती. त्याच टेबलावरच्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर तिला लागला. गोल पिन दोन्हीकडे सारखीच असल्याने तो बसतो. आता डिस्क फिरतच नाही. उबुंटू २०.०४ वर लक्स२ पद्धतीने (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलेली, आत ईएक्सटी४ (फाइली मांडण्याची लिनक्सची पद्धत). नेहमीची पासफ्रेझ (लांब पासवर्ड) माहीत आहे. हेडरचा, म्हणजे एन्क्रिप्शनची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाचा, बॅकअप कोणी घेतलेला नाही.

आवाज अजिबात नसणं हे इथे बरं लक्षण आहे. फिरून टक-टक करणारी डिस्क म्हणजे हेडचं (तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या टोकाचं) दुखणं, आणि तसं असतं तर पुन्हा वीज न देता क्लीन बेंच असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवली असती. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुगाड कोणत्याच बाबतीत नको. बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव धरतं आणि हेड त्यातून फिरतं.

एन्क्लोजर फेकून दिलेलं नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि माय बुक मालिकेतल्या काही मॉडेलांत यूएसबी पुलाची (यूएसबी आणि साटा यांना जोडणाऱ्या बोर्डाची) चिप स्वतःच डेटा एन्क्रिप्ट करते, पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. अशी डिस्क काढून थेट साटाला लावली की पार्टिशन टेबलसुद्धा दिसत नाही, आणि पुलाचा बोर्ड हरवला तर काम फार अवघड होतं. हे एन्क्लोजर साधं आहे, पण खात्री पहिले सेक्टर वाचल्यावरच होईल.

बोर्ड सहा टॉर्क्स स्क्रू काढून वेगळा केला. मल्टिमीटर ओहमवर, काळी टोच ग्राउंडवर, लाल साटा पॉवरच्या पिनांवर. ७ ते ९ क्रमांकाच्या पिना ५ व्होल्टच्या, १३ ते १५ या १२ व्होल्टच्या. ५ व्होल्टची लाइन ठीक. १२ व्होल्टच्या लाइनवर ०.४ ओहम, म्हणजे सरळ शॉर्ट. पॉवर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, एकेका लाइनसाठी एक. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि पुढची मोटर चिप वाचवतो. त्याने आपलं काम केलेलं दिसतंय.

५ मार्च

१२ व्होल्टचा टीव्हीएस हॉट एअरने काढला. आजूबाजूच्या प्लास्टिक कनेक्टरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लावून घेतली, नाहीतर तो वितळून पिना वाकतात. काढल्यावर १२ व्होल्टच्या लाइनवर किलोओहममध्ये रीडिंग आलं. शेजारचा शून्य-ओहम रेझिस्टरही तपासला, तो उघडा पडलेला नाही. टीव्हीएसशिवाय डिस्क चालते, फक्त पुढच्या झटक्याला संरक्षण उरत नाही. म्हणून वीज चांगल्या एसएमपीएसवरून आणि तोही यूपीएसवर. मार्चपासून इथे दुपारी वीज दोन-तीनदा झपकते, आणि मधेच बंद होणं या डिस्कला आता परवडणारं नाही.

दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावण्याची गरज पडली नाही हे बरं झालं. तसं करायचं तर आठ पायांची रॉम चिपसुद्धा मूळ बोर्डवरून नव्यावर हलवावी लागते, कारण त्याच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात जुळवलेले आकडे तिच्यात असतात. नुसता सारख्या क्रमांकाचा बोर्ड लावून चालत नाही.

बोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या संपर्क-चकत्या काळवंडल्या होत्या. पांढऱ्या खोडरबराने घासून आयसोप्रोपिलने पुसल्या. वीज दिली: फिरली, ओळखली गेली, ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर.

जोडण्याआधी मशीनवर डेस्कटॉपचं आपोआप माउंट होणं बंद केलं आणि डिस्क कर्नलमध्ये फक्त-वाचन ठेवली. नाहीतर डेस्कटॉप लगेच पासफ्रेझ विचारतो, कोणीतरी सवयीने टाइप करतं, आणि ईएक्सटी४ जर्नल (अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद) पुन्हा चालवून डिस्कवर लिहायला लागतं.

स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) १९७ क्रमांकाचा आकडा ३१२. म्हणजे वाचता न येणारे, बदली व्हायची वाट पाहणारे सेक्टर आधीपासूनच होते. हे ॲडॅप्टरचं पाप नाही. डिस्क म्हातारी होत चाललेली होती आणि ते कोणी पाहिलं नव्हतं.

६ मार्च

साध्या डिस्कवर पहिलं काम म्हणजे सगळी इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) घेणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर आधी पहिले १७ एमआयबी (१ एमआयबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट), मग बाकी सगळं. पार्टिशन सेक्टर २०४८ पासून (सेक्टर ५१२ बाइटचा), म्हणजे १ एमआयबीवर सुरू होतं. त्यानंतर लक्स२ हेडरचे १६ एमआयबी. खरा डेटा सेक्टर ३४,८१६ पासून, बाइटमध्ये १,७८,२५,७९२. हा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे.

या १६ एमआयबीतही सगळी जागा सारख्या मोलाची नाही. सुरुवातीला हेडर आणि जेएसओएन (मजकूररूपातली माहिती) मिळून १६ केआयबी, लगेच पुढे त्याचीच दुसरी प्रत. एक प्रत खराब झाली तर क्रिप्टसेटअप (लक्स हाताळणारं साधन) दुसरीवरून वाचतं. दोन्हींना एसएचए-२५६ चेकसम असतो. पण त्यापुढच्या की-स्लॉटच्या (पासफ्रेझने झाकलेली मुख्य की ठेवण्याच्या जागांच्या) भागाला दुसरी प्रत नाही. पहिला स्लॉट ३२,७६८ बाइटवर, लांबी २,५८,०४८. दुसरा २,९०,८१६ वर, तेवढाच. डिस्कच्या हिशेबात पहिला सेक्टर २११२ ते २६१५, दुसरा २६१६ ते ३११९.

जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत घेणारं साधन), थेट वाचन चालू, मर्यादा १७ एमआयबी, मॅपफाइल वेगळ्या एसएसडीवर. इमेजसाठी नवी ४ टीबी डिस्क. मॅपफाइल नसेल तर डीडीरेस्क्यू वापरण्यात अर्थ नाही. काम कुठे थांबलं आणि काय वाचायचं राहिलं ते सगळं तिच्यातच असतं.

बाइट ५१२ वर जीपीटीची (पार्टिशन टेबलची) खूण नीट दिसली. एन्क्लोजर ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवणारं असतं तर ती ४०९६ वर सापडली असती, आणि पार्टिशनची सुरुवात आठपटीने मोजावी लागली असती.

निकाल: १७ एमआयबीपैकी एकच भौतिक सेक्टर (४०९६ बाइट, म्हणजे ५१२ चे आठ) वाचला गेला नाही, २३०४ ते २३११. तो नेमका पहिल्या की-स्लॉटच्या पोटात.

७ मार्च

हेडरच्या दोन्ही प्रती शाबूत. हेडरमधली माहिती: एन्क्रिप्शन एईएस-एक्सटीएस-प्लेन६४, ५१२ बिटची की, सेक्टर ५१२, आर्गॉन२आय (पासफ्रेझवरून की बनवणारं मुद्दाम जड गणित), मेमरी १ जीआयबी. दोन स्लॉट: ० आणि १.

स्लॉट ० मधले ४०९६ बाइट गेले म्हणजे काय गेलं, हे लिहून ठेवायला हवं, कारण "९९ टक्के स्लॉट आहे ना" हा प्रश्न येतोच. ६४ बाइटची मुख्य की इथे तशीच ठेवलेली नसते. ती ४००० पट्ट्यांमध्ये फोडलेली असते, आणि प्रत्येक पट्टी मिळाली तरच की परत जुळते. मुद्दामच तसं केलेलं आहे. स्लॉट पुसताना डिस्कने एखादा सेक्टर गुपचूप बदलून जुनी प्रत मागे ठेवली, तरी तेवढ्यावरून की मिळू नये. आपल्याला तीच गोष्ट उलटी नडते. ४००० × ६४ म्हणजे २,५६,००० बाइट. त्यातल्या ४०९६ बाइटमध्ये ६४ पट्ट्या येतात. ३२,७६८ अज्ञात बिट कोणी अंदाजाने भरू शकत नाही. स्लॉटच्या शेवटच्या २०४८ बाइटना तेवढी सूट आहे, ते निव्वळ भरणी असतात. आपला खड्डा तिथून लांब आहे.

स्लॉट ० च्या त्या सेक्टरवर पुन्हा प्रयत्न: सरळ दिशेने, उलट दिशेने, डिस्क थंड असताना, नंतर अर्धा तास चालून गरम झाल्यावर. शक्य असेल तिथे चुकीच्या सेक्टरवर डिस्कने किती वेळ झटायचं हे स्मार्टसीटीएलमधून ७ सेकंदांवर बांधता येतं. ही डिस्क ते मानत नाही, म्हणून कर्नलची ३० सेकंदांची मर्यादा वाढवून दिली. नाहीतर डिस्क स्वतः झटत असतानाच कर्नल तिला रीसेट करतो आणि चांगले सेक्टरही खराब म्हणून नोंदले जातात. सेक्टर आला नाही. आता तो विषय बाजूला ठेवतोय. एका जागी हेड घासत ठेवून बाकीची डिस्क पणाला लावण्यात अर्थ नाही.

स्लॉट १ चे सगळे सेक्टर वाचले गेलेत. खात्रीसाठी ५१२ बाइटच्या तुकड्यांची एन्ट्रॉपी (बाइट किती यादृच्छिक आहेत याचं माप) काढली: प्रत्येकी सुमारे ७.६ बिट, म्हणजे यादृच्छिक डेटाला शोभेल अशी. एखादा तुकडा शून्यांनी भरलेला असता तर लगेच उघडा पडला असता. स्लॉट उपयोगाचा आहे. त्याची पासफ्रेझ मात्र नेहमीची नाही.

(जिथे मूळ मशीन चालू आणि डिस्क उघडलेली असते, तिथे मुख्य की मेमरीतून काढण्याची आशा धरली जाते. लक्स२ मध्ये की कर्नलच्या कीरिंगमध्ये जाते आणि डीएमसेटअपच्या टेबलमध्ये फक्त तिचा संदर्भ दिसतो. इथे तो मार्ग तसाही बंद आहे.)

८ मार्च

स्लॉट १ ची पासफ्रेझ कार्यालयातल्या कोणीतरी डिस्क बनवतानाच "राखीव" म्हणून ठेवली होती. वहीत लिहिलेली आहे, देवनागरीत. टाइप केली तर चालत नाही.

लक्सला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. युनिकोडमध्ये सारखं दिसणारं पण वेगळ्या बाइटचं अक्षर आलं की ती वेगळी पासफ्रेझ होते. कोणतंही सामान्यीकरण होत नाही. मराठीत दोन जागा नेहमी घात करतात, आणि या वाक्यात दोन्ही आहेत.

पहिली "ऱ्या". हा तीन तऱ्हांनी टाइप होतो. एकसंध ऱ (यू+०९३१), हलन्त, य. किंवा र, नुक्ता, हलन्त, य. किंवा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी), य. पडद्यावर तिन्ही सारखेच. आकाराची मात्रा सोडून पहिल्याचे ९ बाइट, उरलेल्या दोन्हींचे १२. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की पहिला प्रकार येतो. फोनच्या कीबोर्डांचं काही सांगता येत नाही.

दुसरी "ॲ". एकसंध (यू+०९७२) ३ बाइट, किंवा अ वर चंद्र देऊन ६ बाइट.

शिवाय वाक्यात एक वर्ष आहे, त्याचे आकडे देवनागरी की रोमन वळणाचे ते वहीवरून कळत नाही; आणि शेवटी रिकामी जागा आहे की नाही हेही. ३ × २ × २ × २ = २४ पर्याय. पायथनमध्ये थेट कोडपॉइंटवरून बनवले, कीबोर्डला हात न लावता.

चाचणी मूळ डिस्कवर नाही, १६ एमआयबीच्या हेडर-प्रतीवर, "फक्त पासफ्रेझ तपास" या पर्यायाने आणि स्लॉट १ ठरवून. स्लॉट न ठरवल्यास क्रिप्टसेटअप आधी मेलेल्या स्लॉट ० वर आर्गॉन चालवतं आणि वेळ दुप्पट जातो. दोन ठिकाणी लोक फसतात: पासफ्रेझ फाइलमधून दिली तर शेवटची नवी-ओळसुद्धा तिचा भाग धरली जाते, त्यामुळे प्रिंटएफ वापरावं, एको नव्हे; आणि २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर आर्गॉनला १ जीआयबी मोकळी मेमरी मिळत नाही. तेव्हा येणारी त्रुटी पासफ्रेझ चुकल्याची नसते, ती नीट वाचावी.

एकसंध ऱ, अ वर चंद्र, देवनागरी आकडे, शेवटी जागा नाही: उघडलं.

लगेच मुख्य की क्रिप्टसेटअपच्या डंपमधून वेगळ्या फाइलमध्ये काढली, कागदाच्या पाकिटातल्या पेनड्राइव्हवर. ही फाइल म्हणजे अख्खी डिस्क. तिला पासफ्रेझची गरज नाही. तशीच जपायची आणि काम संपल्यावर नष्ट करायची.

९ मार्च

आता पूर्ण इमेज. पहिली फेरी खरवडण्याशिवाय, म्हणजे अडलेला भाग सोडून पुढे. चांगल्या भागात वेग १५० एमबी प्रति सेकंदावरून आतल्या ट्रॅककडे ८० वर उतरत गेला, ते साहजिक आहे. दोन पट्ट्यांमध्ये तो एक एमबीच्या खाली आला. डिस्कवर छोटा पंखा, तापमान ३८ ते ४१ अंश.

काही जण उघडलेल्या, म्हणजे मॅपरमधल्या उपकरणावरून डीडीरेस्क्यू चालवतात. चालतं, पण का करावं? डिस्क रीसेट झाली की मॅपिंग गळून पडतं, आणि पुन्हा उघडायला मरत्या डिस्कवरचं हेडर वाचावं लागतं. एन्क्रिप्ट अवस्थेतलीच इमेज घ्यावी आणि उलगडायचं काम प्रतीवर करावं.

फेरीअखेर ४१२ एमबी वाचायचे राहिले.

१० मार्च

राहिलेल्या ४१२ एमबीतला किती भाग रिकाम्या जागेतला आहे, हे एन्क्रिप्ट इमेजवरून कळत नाही. की हातात असल्यावर कळतं, आणि तेही अगदी नेमकं. एक्सटीएसमध्ये डेटाची लांबी बदलत नाही. उलगडलेल्या भागातला बाइट क्रमांक अधिक १,७८,२५,७९२ म्हणजे डिस्कवरचा बाइट.

इमेजला १ एमआयबी सोडून फक्त-वाचन लूप (फाइल डिस्कसारखी दाखवणारं उपकरण), त्यावर क्रिप्टसेटअप, हेडर वेगळ्या फाइलमधून. पार्टक्लोनच्या ईएक्सटी४ आवृत्तीला डोमेन-फाइल बनवण्याचा पर्याय आहे: वापरात असलेल्या ब्लॉकांची यादी ती डीडीरेस्क्यूच्या मॅपच्या रूपात देते, आणि वर हवी तेवढी बेरीजही करून देते. बेरीज १,७८,२५,७९२. तयार झालेली फाइल डीडीरेस्क्यूला डोमेन म्हणून, म्हणजे फक्त एवढाच भाग वाचायचा म्हणून, द्यायची.

त्याआधी एक तपासणी चुकवू नये. साध्या डिस्कवर न वाचलेला भाग इमेजमध्ये शून्य असतो, आणि शून्य बिटमॅप (कोणते ब्लॉक वापरात आहेत याचा तक्ता) म्हणजे "सगळं रिकामं". इथे न वाचलेली शून्यं उलगडताना कचरा होतात, म्हणून तो बिटमॅप अर्धा भरलेला वाटतो, अगदी खरा वाटावा असा. २ टीबीला १२८ एमआयबीचे सुमारे १४,९०० ब्लॉक गट, प्रत्येकाचा ४ केआयबीचा बिटमॅप. डम्पईटूएफएसवरून त्यांचे पत्ते काढले, मॅपफाइलशी ताडले: सहा बिटमॅप राहिलेल्या भागात होते. तेवढेच आधी स्वतंत्र वाचायला लावले. पाच आले. सहाव्या गटाचे सगळे १२८ एमआयबी वापरात आहेत असं धरून डोमेनमध्ये हाताने घातले.

डोमेन लावल्यावर ४१२ चे ९६ एमबी उरले.

१२ मार्च

फक्त त्या ९६ एमबीवर खरवडणं. ११ एमबीवर आलं. मग तीन फेऱ्या फेरवाचन, एकाआड एक उलट दिशेने. मधे डिस्क बंद करून थंड होऊ दिली. शेवटी ७३६ ब्लॉक, प्रत्येकी ४ केआयबी, सुमारे ३ एमबी. शेवटच्या फेरीत नवं काही हाती आलं नाही आणि १९७ चा आकडा वाढायला लागला. थांबवलं. डिस्कची वीज काढली.

१३ मार्च

इमेजवर थेट काही लिहायचं नाही. डीएमसेटअपच्या स्नॅपशॉटने वर २० जीबीचा लेखनथर चढवला. पहिलं माउंट फक्त-वाचन आणि जर्नल न चालवता. उघडलं, फोल्डरांचं झाड पूर्ण. मुख्य सुपरब्लॉक शाबूत होता; नसता तर ३२,७६८ व्या ब्लॉकवरची प्रत द्यायची, आणि माउंटला तो आकडा १ केआयबीच्या एककात, म्हणजे १,३१,०७२ असा लागतो.

खराब भागात खुणेचा मजकूर भरून मग फाइलींमध्ये तो शोधायचा, ही नेहमीची युक्ती इथे चालत नाही: एन्क्रिप्ट इमेजमध्ये भरलेली खूण उलगडल्यावर कचराच दिसते. म्हणून ब्लॉकवरून फाइल. डीडीरेस्क्यूलॉगला खराब ब्लॉकांची यादी मागितली, ब्लॉक ४०९६, सुरुवात १,७८,२५,७९२, उतरवण्याची जागा शून्य. मिळालेले आकडे थेट ईएक्सटी४ चे ब्लॉक क्रमांक. ते डीबगएफएसच्या आयचेकला, मिळालेले आयनोड (फाइलींचे अंतर्गत क्रमांक) एनचेकला. आयचेकला सगळे आकडे एकाच वेळी द्यावेत. प्रत्येक हाकेला ते सगळे आयनोड धुंडाळतं.

४१ फाइली. त्यातल्या १९ साइटवरचे फोटो: जेपीईजीत जिथे खड्डा आहे तिथून खाली राखाडी पट्टा किंवा सरकलेले रंग, वरचा भाग ठीक. १४ पीडीएफ, बहुतेकांची एखाद-दोन पानं जातात. ८ डीडब्ल्यूजी, ऑटोकॅडच्या रिकव्हर आदेशाने ५ उघडल्या, ३ नाही. एन्क्रिप्शनमुळे नुकसान पसरलेलं नाही, खड्डा सेक्टरपुरताच आहे. पण डीडब्ल्यूजीची रचना अशी की नेमका विभागांचा नकाशा खड्ड्यात गेला तर बाकीचं असूनही उघडत नाही. त्या तीन नकाशांच्या जुन्या बीएके प्रती त्याच फोल्डरांत होत्या, त्या शाबूत आहेत.

१५ मार्च

आरसिंकने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, ४१ फाइलींची यादी प्रत्येकीच्या खराब ब्लॉकसंख्येसह दिली. नवी डिस्क लक्स२, दोन स्लॉट, दोन्ही पासफ्रेझ रोमन लिपीत. हेडरचा १६ एमआयबी बॅकअप क्रिप्टसेटअपच्या आदेशाने काढून दोन पेनड्राइव्हवर. या बॅकअपलाही जुन्या पासफ्रेझ चालतात, त्यामुळे पासफ्रेझ बदलली की तो पुन्हा काढून आधीचा नष्ट करायचा. एन्क्लोजरच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरला आणि लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला वेगळ्या रंगाच्या टेप.

मुख्य कीची फाइल असलेला पेनड्राइव्ह फोडला. इमेज आणि मॅपफाइल कार्यालयाने फाइली उघडून पाहून कळवेपर्यंत इथेच राहतील, नंतर पुसल्या जातील. जुनी डिस्क टीव्हीएसशिवाय आहे, तसं तिच्यावर लिहून परत दिली.